डॉक्टरांचा सोमवार

लाजेचा आजार शीव ओलांडून दाखवावा, अशी आमच्याकडची रीत आहे. भालकीच्या माणसाच्या अंगावर काही उठलं की तो उदगीरची बस धरतो, आणि उदगीर-देवणीकडच्या माणसाला उठलं की तो भालकीची. दोन्ही बस वाटेत एकमेकींना ओलांडून जातात आणि खिडकीतले लोक मुद्दाम दुसरीकडे बघतात. विचारलं तर कुणी मावशीकडे निघालेलं असतं, कुणी भालकेश्वराला. भालकीच्या बसस्टँडमागचा डॉक्टर शिवराज यांचा चामडीचा दवाखाना इतकी वर्षं चालला तो या रितीच्या जोरावर. त्यांची बायको मंजुश्री म्हणायचीच, "आपलं पोट शिवेवर हाय. उद्या महाराष्ट्र-कर्नाटक एक झालं की आपुन उपाशी."

मंजुश्री लातूरची, बोलायला फटकळ. दवाखान्याच्या पुढच्या खोलीत तिचं औषधाचं दुकान होतं. केसपेपर तीच काढायची, नंबर तीच लावायची, आणि आत डोकावून "आटपा, बाहेर गर्दी झालीय" असं डॉक्टरांना खडसावायचीही तीच. डॉक्टर तसे गरीब स्वभावाचे. त्यांचा एकच नियम कडक होता. कागदावर रोगाचं नाव लिहायचं नाही. "चट्टा" किंवा "खाज" एवढं लिहायचं, पुढे गोळ्यांची नावं, आणि कागद पेशंटच्या हातात द्यायचा. पलीकडचे लोक तो कागद बसमध्ये चढायच्या आधी फाडून टाकत. दुकानासमोरच्या गटारीत डॉक्टरांच्या अक्षराचे तुकडे रोज दिसायचे आणि डॉक्टरांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांना न सांगता कळत होतं.

मग सरकारनं योजना काढली. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक माणसाची माहिती कम्प्युटरवर चढवायची, ती त्याच्या आरोग्य कार्डाला जोडायची, आणि जे डॉक्टर हे काम करतील त्यांना नोंदीमागे काही रुपये प्रोत्साहन. योजना वाईट होती असं कुणी म्हणणार नाही. उद्या माणूस हैदराबादला बेशुद्ध पडला तर तिथल्या डॉक्टरला त्याची साखर, त्याचं रक्त, सगळं दिसावं, यात वाईट काय आहे? रुपयेही डोळे दिपावेत एवढे नव्हते. पण तालुक्यात सगळ्यांत जास्त नोंदी करणाऱ्या डॉक्टरचा बीदरला सत्कार होणार अशी बातमी आली, आणि तिथे आमच्या डॉक्टरांचं बिनसलं. त्यांच्याबरोबर शिकलेले सगळे कलबुर्गीत मोठमोठी हॉस्पिटलं बांधून बसले होते. लग्नाकार्यात भेटले की विचारायचे, "काय शिवराज, अजून बसस्टँडमागंच का?" डॉक्टर हसण्यावारी न्यायचे, पण घरी आल्यावर दोन दिवस तो प्रश्न त्यांच्या डोक्यातून जायचा नाही.

कम्प्युटर आला. कम्प्युटरला "चट्टा" चालत नव्हता. त्याला रोगाचं पूर्ण नाव लागायचं, यादीतून निवडलेलं.

"ही नावं जातेत कुठं?" मंजुश्रीनं विचारलं.

"ज्याच्या त्याच्या मोबाईलवर. दुसऱ्या कुणाला दिसत न्हाईत. लय बंदोबस्त हाय त्याला."

डॉक्टर खोटं बोलत नव्हते. ज्याच्या त्याच्या मोबाईलवर, हे खरंच होतं. पण आमच्याकडे ज्याचा त्याचा मोबाईल असतो कुठं? घरात एक जण वाचणारा आणि हिंडणारा असतो. आधार कार्ड काढायची गाडी गावात आली तेव्हा त्याचाच नंबर म्हाताऱ्यापासून बाळंतिणीपर्यंत सगळ्यांच्या नावापुढे लागला. रेशनचे ओटीपीचे आकडे त्याच्याच मोबाईलवर येतात, पीकविम्याचेही. हे डॉक्टरांना आणि मंजुश्रीला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण दवाखाना झाडणाऱ्या राजूबाईचे आकडे मंजुश्रीच्याच मोबाईलवर यायचे, आणि आकडे सांगताना मंजुश्री दर महिन्याला तिच्यावर करवादायची.

त्या पेशंटांमध्ये रेणुका होती. तिशीतली बाई, शिवेपलीकडच्या गावची, माहेर मात्र अलीकडचं, राजेश्वरचं. सासरच्या गावी शाळेत पोरांचा भात शिजवायची. एकदा पातेलं उतरवताना तिच्या डाव्या हाताला भाजलं आणि तिला कळलंच नाही. फोड आला तेव्हा कळलं. तिथंच एक फिकट चट्टा होता, वर्षभराचा. ती भालकीला आली, डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावून चट्ट्यावर पीस फिरवलं, ते तिला कळलंच नाही, आणि मग दार लावून घेऊन सांगितलं की हा कुष्ठरोग आहे.

रेणुका रडली नाही. "पोरांचं काय?" एवढंच विचारलं तिनं. "शाळंतल्या पोरांचं. माझ्या हातचं खात्यात ती."

"काही न्हाई पोरांचं," डॉक्टर म्हणाले. "खाण्यातनं हा रोग जात न्हाई. आन् एकदा गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासनं कुणाला बी धोका न्हाई. वर्षभर गोळ्या घ्या, सगळं साफ. खुशाल सैपाक करा. आन् कुणाला सांगत बसू नका."

तिचा नवरा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून एकदा घरी. त्याला तिनं सांगितलं. तो म्हणाला, औषध पुरं होईपर्यंत तोंड मिटून राहा. तसं ती राहिली. गोळ्यांनी अंग काळवंडलं तर उन्हाचं निमित्त सांगितलं. महिन्यातून एका गुरुवारी "राजेश्वरच्या मावशीकडं" म्हणून निघायची आणि भालकीला उतरायची. येताना मंजुश्रीसाठी धपाटे आणायची, धुतलेल्या फडक्यात बांधून, वर कारळाच्या चटणीची पुडी.

"कशाला गं एवढं?" मंजुश्री म्हणायची.

"असू द्या की अक्का. तुमी गोळ्या कशा कागदात लपवून देतासा. तेवढं तर करू द्या."

मंजुश्री दोन्ही हातांनी फडकं घ्यायची. रेणुकाची बस सुटली की राजूबाईला हाक मारायची. "घेऊन जा गं घरला. मला धपाटे जड पडतेत." राजूबाईची नातवंडं ते खाऊन टाकायची. लातूरहून आईनं पाठवलेले धपाटे मंजुश्रीला कधी जड पडले नव्हते, पण हे तिनं स्वतःशीही कधी बोलून दाखवलं नाही.

मार्च संपायला आला आणि डॉक्टरांचा आकडा मागे पडला. भालकीतल्याच एका दातांच्या डॉक्टरनं म्हणे शाळेत शिबिर घेऊन एका फटक्यात शेकडो नोंदी चढवल्या. डॉक्टर अस्वस्थ झाले. "जुनी पेशंट काढ," ते मंजुश्रीला म्हणाले. "जी नेमानं येतेत ती. एकेकाच्या मागच्या सगळ्या भेटी चढवू. एका माणसाच्या धा नोंदी होतेत."

"त्यांना विचारायला नगं?"

"विचारून काय, नको म्हणत्यात. सरकारी कार्ड हाय म्हणावं."

रेणुका नेमकी त्या आठवड्यात आली. मंजुश्रीनं तिच्या पिशवीतलं आधार कार्ड मागून घेतलं आणि नंबर टाकला. आकडे गेले रेणुकाच्या धाकट्या दिराच्या, तानाजीच्या, मोबाईलवर. त्याचं गावात झेरॉक्सचं दुकान, सगळ्या घराचे कागद तोच बघायचा.

"नगं अक्का," रेणुका म्हणाली. "भावजीचा नंबर हाय त्यो. मी राजेश्वरला हाय असं वाटायलंय त्यांला."

"आगं, नुसतं कार्ड हाय. कुणाला काय कळतंय? सगळे काढायलेत." आणि मंजुश्रीनं स्वतःच फोन लावला. आवाज गोड करून म्हणाली, "तानाजीराव का? तुमच्या वहिनी भेटल्या इकडं. सरकारी कार्ड निघायलंय फुकट, तुमाला आकडे आलेत बघा."

तानाजीनं आकडे सांगितले. आकडे सांगायची लोकांना इतकी सवय झाली आहे की कशाचे म्हणून कुणी विचारत नाही. संमती आहे का, असं कम्प्युटरनं विचारलं. तिथंही मंजुश्रीनंच टिचकी मारली. रेणुका समोर उभी होती, तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मग त्या दुपारी तिच्या मागच्या सगळ्या भेटी चढल्या, प्रत्येकीपुढे रोगाचं पूर्ण नाव.

बीदरला सत्कार झाला. शाल, हार, काचेची पाटी. डॉक्टरांनी फोटो त्या कलबुर्गीच्या मित्रांना धाडला, आणि पाटी दुकानातल्या शोकेसमध्ये, मंजुश्रीच्या डोक्यावर, लागली.

पुढच्या महिन्यात रेणुका आली ती रिकाम्या हातानं. नंबर लावला नाही, बाकावर बसली नाही. शेवटचा पेशंट जाईपर्यंत दाराशी उभी राहिली आणि मग दुकानापुढे आली.

"अक्का, मला चुलीपशी येऊ देईनात."

मंजुश्रीला आधी कळलं नाही. मग रेणुकानं सांगितलं. तानाजीच्या मोबाईलवर निरोप आला होता, तुमच्या कार्डाला नोंदी जोडल्या म्हणून. त्याच मोबाईलवर त्याच्या आईचंही कार्ड होतं. त्याला वाटलं आईचंच काही आहे, म्हणून त्यानं उघडलं. त्यात वहिनीचं नाव होतं, दवाखान्याचं नाव होतं, आणि रोगाचं.

"ताट येगळं केलंय माझं. पोरीला माझ्यापशी निजू देईनात. शाळंत भावजीनंच जाऊन सांगितलं, वहिनीला बरं न्हाई म्हणून. त्यांनी दुसरं काय सांगितलं न्हाई, पर गाव काय येडं हाय का? आमच्या सासूबाई, आत्याबाई, म्हणत्यात, राजेश्वरला जा." तिनं पदर नीट केला. "मी भांडायला न्हाई आले अक्का. डॉक्टरसाहेबांनी एकदा यावं. मला जे सांगितलं, हातचं खाल्ल्यानं काय व्हत न्हाई म्हणून, ते त्यांच्या तोंडानं घरी सांगावं. आत्याबाई ऐकतील. देवावानी मानत्यात डॉक्टरला."

मंजुश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेणुकानं तिला शिव्या दिल्या असत्या तर फारच बरं झालं असतं. आतून डॉक्टर आले, त्यांनी सगळं ऐकलं. मान खाली घालून म्हणाले, "येतो. सोमवारी दुपारी दवाखाना बंद असतो. ह्याच सोमवारी येतो."

रेणुका गेल्यावर ते खुर्चीत बसून राहिले. "चूक त्या कम्प्युटरची हाय," थोड्या वेळानं म्हणाले. "एका नंबरावर येवढी कार्डं चालूच कशी देतेत?"

"राजूबाईचे आकडे कुणाच्या मोबाईलवर येतेत?" मंजुश्रीनं विचारलं.

कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि कुंपणाला ते कळत होतं.

सोमवारी दोघं गाडी घेऊन निघाले. डॉक्टर सोमवारचा उपास धरायचे, पार शिकत होते तेव्हापासून. दिवसभर चहावर राहायचे, संध्याकाळी शाबूदाण्याची खिचडी खायचे, आणि मधे मूठभर शेंगदाणे तोंडात टाकले तर मंजुश्री त्यांना चिडवायची. दवाखाना दुपारी बंद ठेवायचे तोही त्यासाठीच. वाटेत उसाच्या फडातून शीव गेली. तिथं कानडी पाटी संपून मराठी पाटी लागते, ऊस तोच राहतो.

घर पत्र्याचं, पुढे सारवलेली ओसरी. रेणुकाची सासू सुमनबाई ओसरीवर बसली होती. उंच बाई, आवाज बेताचा, कपाळावर विभूती. तिनं सतरंजी टाकायला लावली, पाणी दिलं. पाणी तानाजीनं आणलं. रेणुका मधल्या दाराशी उभी होती, उंबऱ्याच्या आत नाही आणि बाहेरही नाही.

डॉक्टर चांगलं बोलले. मंजुश्रीला आपल्या नवऱ्याचा क्वचितच अभिमान वाटायचा, त्या दिवशी वाटला. त्यांनी रोग कसा होतो ते सांगितलं, गोळ्या काय करतात ते सांगितलं. रेणुकाला पुढे बोलावून तिच्या हातावरच्या चट्ट्यावर स्वतःचा उघडा तळवा ठेवला. "हे बघा, मी रोज हात लावतो. मला झालं का काय? हिची गोळी सुरू झाली त्या दिवसापासनं हिच्यापासनं कुणाला बी भ्या न्हाई. हिनं सैपाक करावा, पोरीला कुशीत घ्यावं, सगळं करावं. शाळंत बी परत घालवा."

"मग लपवलं कामून?" सुमनबाईनं विचारलं.

"मीच सांगितलं व्हतं. लोक उगं बोलतेत म्हणून."

"लपवा म्हणणारे बी तुमीच, आन् मोबाईलवर धाडणारे बी तुमीच." सुमनबाई हे रागानं म्हणाली नाही, नुसतं जुळवून बघितल्यासारखं म्हणाली. डॉक्टरांचा चेहरा उतरला. तानाजी खाली बघत म्हणाला, "मी बी वाचायला नको व्हतं. वहिनीचं नाव दिसल्यावर तिथंच बंद करायचं व्हतं."

सुमनबाईनं रेणुकाच्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "रेणुका, चूल पेटीव. डॉक्टर घरी आलेत, तसंच घालवायचं व्हय? भाकरी टाक. वांगे हायत बघ टोपल्यात."

रेणुकानं एकदा सासूकडे बघितलं आणि आत पळाली. खरंच पळाली, तिशीतली बाई. मग आतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. त्या घरात पंधरवडाभर तो आवाज तिच्या हातचा नव्हता. तिची पोरगी आतल्या दाराला लटकून बघत होती, तिला कुणी हाकललं नाही. डॉक्टरांनी मंजुश्रीकडे बघितलं आणि मंजुश्रीनं डोळ्यांनीच म्हटलं, जमलं. सत्काराच्या दिवशीही त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

ताटं आली. डॉक्टरांपुढे एक, मंजुश्रीपुढे एक. ज्वारीची पांढरी भाकरी, तिच्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उमटलेले, शेजारी वांग्याची भाजी, कांदा, कारळाची चटणी. सुमनबाईनंही आपल्यापुढे एक रिकामं ताट ओढून घेतलं आणि पाहुण्यांची सुरुवात व्हायची वाट बघत बसली. रेणुका ताटं ठेवून दाराशी उभी राहिली. तिच्या हाताला पीठ तसंच होतं.

डॉक्टरांनी ताटाकडे बघितलं, आणि जे ते गेली कित्येक वर्षं दर सोमवारी कुणाच्याही घरी म्हणत आले होते तेच त्यांच्या तोंडून गेलं.

"आज सोमवार हाय माझा."

ते भिऊन म्हणाले का? रोज उघड्या हातानं चट्टे चाचपणारा माणूस भाकरीला भिईल असं वाटत नाही. पण दुसऱ्या कुणाच्या घरी, कलबुर्गीच्या मित्रांच्या घरी समजा, पुढे आलेलं ताट बघून ते एक क्षण तरी थांबले असते का, याचं उत्तर त्यांनाही देता येणार नाही. तोंडातून गेलं ते गेलं.

ओसरीवर सगळे डॉक्टरांकडे बघत होते. सुमनबाईनं मान डोलावली. "व्हय की. सोमवारच हाय. माझा बी सोमवार हाय."

"मग तर झालंच," डॉक्टर म्हणाले. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"शाबू भिजवलेला हाय सांजच्याला," सुमनबाई म्हणाली. "रेणुका, डॉक्टरला शाबू कर."

आपण काय बोलून बसलो ते आता डॉक्टरांना कळलं. ते घाईनं म्हणाले, "कशाला त्रास, भाकरीच खातो की, देवाला काय..." पण सुमनबाईनं हात वर करून त्यांना थांबवलं. "नगं. धरलेला मोडू ने." आणि तिनं स्वतः उठून डॉक्टरांपुढचं ताट उचलून तानाजीकडे दिलं. तानाजी ते हातात धरून उभा राहिला, कुठं ठेवावं ते त्याला सुचेना.

आतून शाबूदाणा परतल्याचा वास आला. मग डॉक्टरांपुढे शाबूची ताटली आली आणि ते खाऊ लागले. सगळी ताटली खाल्ली. मागून घेतली, तीही खाल्ली. लय झकास झालंय म्हणाले. बोटं चाटली, जे ते घरी कधी करत नसत. मंजुश्रीला त्यांच्याकडे बघवेना. ते खात होते आणि जितकं जास्त खात होते तितकं ते नाटक वाटत होतं. सुमनबाईचं ताट रिकामंच होतं. तिलाही शाबू चालला असता. तिनं घेतला नाही.

हात धुऊन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "मग, आई? आता हिला राजेश्वरला धाडू नका."

"डॉक्टरसाहेब," सुमनबाई म्हणाली, "मी ताट घेऊन बसले व्हते, बघितलासा न्हवं? माझा सोमवार लगीन व्हऊन आले तवापासनंचा हाय. तुमी भाकरीचा तुकडा मोडला असता तर मी बी मोडणार व्हते. डॉक्टरनं खाल्लं, मी खाल्लं, मग कुणाच्या बापाला भ्यायचं कारण न्हवतं. गल्लीत मीच सांगितलं असतं. आता काय सांगू? डॉक्टरनं बी आधी सोमवार काढला, असं सांगू?"

डॉक्टर रुमालानं हात पुसत राहिले.

"माज्या मनात काय न्हाई तिच्याविषयी," सुमनबाई पुढे म्हणाली. "पर माज्या बी जिवाला आधार पायजे का न्हाई कुणाचा? चार म्हैने राहू द्या तिला माहेरी. गोळ्या संपू द्या. मग बघू."

"मग बघू" म्हणजे काय ते त्या ओसरीवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. पोरगीलाही असावं, कारण ती आत जाऊन आईच्या पदराला धरून उभी राहिली.

दोघं निघाले. डॉक्टर पुढे गेले, गाडीचं दार उघडून उभे राहिले. मंजुश्री चपला घालत होती. रेणुका ताटं उचलायला ओसरीवर आली. मंजुश्रीपुढचं ताट होतं तसंच होतं. सगळे डॉक्टरांकडे बघत होते तेव्हा तिनं ते हळूच बाजूला सारून वर दुसरी ताटली झाकली होती. नवऱ्याच्या आधी कसं खायचं, असं तिनं मनाशी म्हटलं होतं. नंतर नवऱ्यानं मागून घेऊन खाल्लं तरी तिनं झाकण काढलं नव्हतं.

रेणुकानं ताटली उचलून खाली बघितलं. भाकरी अख्खी होती. कडेचा पापुद्रा वाफेनं मऊ पडला होता.

"अक्का, तुमचा बी सोमवार व्हता का?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं असावं असं वाटत होतं, आणि मंजुश्रीनं हो म्हणावं म्हणून ती वाट बघत होती.

मंजुश्रीच्या डोळ्यांपुढून फडक्यात बांधलेले सगळे धपाटे गेले.

"व्हय," ती म्हणाली.

"बरं," रेणुका म्हणाली. "मग शाबू तरी खायचा व्हता. मला सांगायचं की." आणि ताट घेऊन आत गेली.

गाडी पांदीतून डांबरी रस्त्याला लागली. उसाचा फड आला, मराठी पाटी मागं गेली. डॉक्टर म्हणाले, "मी ऐकलं तू काय म्हणालीस ते."

मंजुश्री खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"तुझा कधीपासनं सोमवार?"

"आजपासनं," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.